दुधी चाखणारा

शब्बीर,

उद्या तुझा चाळिसावा. तुमच्या अंगणात चुलीसाठी विटा मांडणं चालू आहे, त्याचा आवाज माझ्या ओसरीपर्यंत येतो. स्वयंपाकाच्या मोठ्या डेगा तुझ्याच आहेत. तू असतास तर एव्हाना दोनदा ओरडून झालं असतं, "आरं, वारा कुटनं येतोय ते बघा आदी, मग चूल मांडा." तुझा पुतण्या वारा न बघताच मांडतो आहे. उठून सांगावं असं मनात येतं, पण पाय उचलत नाहीत. पायाखाली फरशी आहे की माती, हेही हल्ली मला नीट कळत नाही. त्याबद्दल पुढे लिहितो.

मला भीती वाटते आहे. गल्लीतल्या लोकांना वाटतं, साहेबांनी दोस्ताचं मरण मनाला लावून घेतलं, आता यांनाही स्वतःचं मरण दिसायला लागलं असेल. तसं नाही. हमीदाभाभीनं उद्यासाठी मला एक काम सांगितलं आहे आणि भीती त्या कामाची आहे. ते करण्याआधी तुझ्याशी बोलून घ्यावं म्हणून लिहायला बसलो.

गावात तुझ्या मरणाची एक गोष्ट आता पक्की झाली आहे. शब्बीरभाईनं वर्षभर कच्चं खाऊन तब्येत कमावली आणि शेवटी बायकोनं मायेपोटी डाळ-मटणाचा वाटीभर दालचा-भात खाऊ घातला, तो पोटाला सोसला नाही. ही गोष्ट तुझ्या मयतीतच सुरू झाली. सकाळी माझ्या ओसरीवर रस प्यायला जमणाऱ्या आपल्या मंडळातला नाना कब्रस्तानाच्या भिंतीपाशी चार जणांना सांगत होता, "कच्च्या पोटात एकदम शिजल्यालं गेलं. साहेब कायम सांगायचे, असल्या पोटाला ते इख असतं." सांगता सांगता त्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. दुःखात माणूस मान खाली घालतोच, पण लोकांनी तिचा अर्थ होकार असा घेतला, आणि खरं सांगायचं तर तो होकारच होता.

ते वाक्य बायकांमधून तुझ्या घरी पोचायला संध्याकाळही लागली नाही. भाभीनं तेव्हापासून स्वतःच्या हातचं कुणाला वाढलेलं नाही. चूल सून सांभाळते. भाभी डाळ निवडते, कांदा चिरून देते, पण पातेल्याला हात लावत नाही.

कच्चं खाणं मी का सुरू केलं, त्याचं खरं कारण तुलाही कधी सांगितलं नव्हतं. मंडळापुढे मी सांगायचो, सूर्यानं पिकवलेलं अन्न जिवंत असतं, चुलीवर ठेवलं की ते मरतं. ऐकायला छान वाटायचं. खरं एवढंच होतं, की सुमन गेली आणि बायकोच्या मागे मला चहापलीकडे काही करता येत नव्हतं. तू दोन्ही वेळचा डबा पाठवायचास. कधी भाभी घेऊन यायची, कधी तू. "ह्यो वांग्याचा हाय. बोकडाची भांडी येगळी, तुझी येगळी, घाबरू नको," असं दारातच सांगायचास. पुढे पुढे मला त्या डब्याची लाज वाटायला लागली. आयुष्यभर बांधावर उभं राहून शेतकऱ्यांना सल्ले देणारा कृषी सहाय्यक, आणि दोस्ताच्या डब्याची वाट बघत ओसरीवर बसतो. म्हणून एका सकाळी मी गाजर, काकडी, मोड आलेली मटकी आणि भिजवलेले शेंगदाणे खाल्ले आणि डबा तसाच परत पाठवला. पोट हलकं वाटलं आणि लाजही हलकी झाली. तेवढ्या हलकेपणावर मी पुढे सगळी व्याख्यानं दिली.

तू तेव्हा काय हसला होतास.

"दत्त्या, मग शेळी तुझ्यापेक्षा मोठी म्हातमा हाय की रं. जन्मापासनं कच्चंच खातीय. आन शेवटी जाती कुटं? माझ्या डेगीत."

"तू आयुष्यभर लोकांना मेलेलं अन्न वाढलंस," मी म्हणालो होतो.

"मेल्यालं न्हवं. झोपल्यालं. मी त्येला जागं करतो."

हा वाद आपला शेवटपर्यंत मिटला नाही. स्टँडवरचा चहावाला आपल्याला बघून "काय शेळ्यांनो, झालं का चरून?" म्हणायचा, तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं तू हसायचास. मी मात्र दुखावला जायचो.

तू माझ्या नादी लागलास तो वादात हरून नव्हे. तुझ्या थोरल्या भावाचा पाय साखरेनं गेला, तो गुडघ्याखाली कापलेला पाय तू बघून आलास आणि दोन दिवस माझ्या ओसरीवर गप्प बसून राहिलास. तुझीही साखर वाढलेली होती. वजनानं गुडघे धरले होते. तिसऱ्या दिवशी म्हणालास, "दत्ता, मला बी शिकव तुझं चरायला." भ्यालेला माणूस दारात आला होता आणि मला आनंद झाला. इतका नामांकित आचारी, श्रीगोंद्यापासून दौंडपर्यंत ज्याच्या तारखेवर लग्नाच्या तारखा ठरायच्या, तो चूल सोडून माझ्याकडे आला, याचा आनंद.

पहिल्या महिन्यांत तुला फायदा झाला, हेही लिहायलाच हवं. साखर उतरली. लेंगा ढिला झाला. मशिदीच्या पायऱ्या तू कठडा न धरता चढायला लागलास. रोजची तेलकट तर्री, गोड चहा आणि लग्नाघरची बिर्याणी सुटली, त्यानं जे व्हायचं ते झालं. तेवढ्यावर थांबलो असतो तर आज आपण दोघं ओसरीवर बसून तुझ्या पुतण्याच्या चुलीला नावं ठेवत असतो. पण मी नियम वाढवत गेलो. आधी म्हणालो दूध बंद. मग दही बंद, अंडं तर नाहीच. भाकरीचा तुकडासुद्धा चालणार नाही. कुणी मोडू नये म्हणून मीच एक धाक तयार केला, की कच्च्याची सवय झालेल्या पोटात शिजवलेलं गेलं तर ते विष होतं. हे मी कुठे वाचलं नव्हतं, कुणाकडून ऐकलंही नव्हतं. बोलता बोलता सुचलं, आणि लोक गप्प झाले म्हणून पुन्हा पुन्हा सांगितलं.

नंतर तुला उन्हाळ्यातही गार वाटायला लागलं. चालताना दम लागायचा. आणि तुझी जीभ हुळहुळायला लागली. आरशात बघून तू मला म्हणालास, "गुळगुळीत झालीया, लाल. घासल्यावानी." चव कमी लागते म्हणालास. काकडी आणि गाजर एकसारखंच लागतं म्हणालास. मी सांगितलं, शरीर शुद्ध होतंय, जुना मसाला निघून जातोय. तू मान हलवलीस, पण त्या दिवशी तू घाबरलेला होतास. पाय जाण्याच्या भीतीनं माझ्याकडे आलेला माणूस आता जीभ जाण्याच्या भीतीनं बसला होता, आणि मी त्याला आणखी लिंबू पिळून दिलं.

तुझी जीभ म्हणजे काय होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आपल्या काष्टीतल्याच एका लग्नात मी सकाळी तुझ्या चुलाणावर आलो होतो. दालच्यासाठी दुध्यांचा ढीग पडला होता. तू पाटावर बसून एकेक दुधी घेत होतास, देठाकडची चकती उडवायचास, जिभेला लावायचास, थुंकायचास आणि दुधी पलीकडे सारायचास. पोरं चिरायला खोळंबली होती.

मी म्हणालो, "शब्बीर, एवढ्या ढिगातला प्रत्येक चाखणार?"

"परतेक."

"एखादा कडू निघाला तर काय बिघडतं? मटणाच्या रश्श्यात कळणार पण नाही."

तू सुरी खाली ठेवलीस. "यक कडू निघाला की आख्खी डेग नाल्यात वतायची. माझ्या बापानं वतली हुती, नवऱ्यामुलाच्या बापापुढं. दुध्याचा इस्वास न्हाई, दत्ता. मानसापरास वाईट. वरनं कळत न्हाई."

मग एक दुधी चाखून तू बाजूला फेकलास. बघायला तो बाकीच्यांसारखाच होता, हिरवा आणि कोवळा.

आता त्या सकाळबद्दल लिहितो.

माझ्या कुंपणावरचा वेल तुला आठवतो. मी उन्हाळ्यात लेकीकडे पुण्याला गेलो, इकडे मोटार जळाली आणि वेलाला पाणी मिळालं नाही. परत आलो तेव्हा पानं करपली होती आणि एकच दुधी लोंबत होता. पाण्याचा ताण आणि ऊन एकत्र आलं की काकडी-दुधी कडू होतात, हे मी नोकरीत शेकडो शेतकऱ्यांना सांगितलं आहे. घोड नदीच्या काठी एका म्हातारीनं मला त्यावर उलट सांगितलं होतं, "सायेब, कडू दुधी मानूस मारतो." मी हसलो होतो. कडू माल बाजारात जात नाही एवढंच मला ठाऊक होतं. त्याहून जास्त माहीत नव्हतं असं लिहिता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण ऐकलं होतं. ऐकून हसलो होतो.

त्या दिवशी मंडळातले बाकीचे साखरपुड्याला गेले होते. तू एकटाच आलास, कठड्यावर बसलास आणि चोरून खाऊन आलेल्या पोरासारखा हसलास.

"दत्ता, काल सांजच्याला दालचा खाल्ला."

"किती?"

"वाटीभर. भातासंगं. हमीदानं दिला न्हाई, मी मागितला. काय सांगू तुला, डोळ्यात पानी आलं रं."

मला राग आला असं मी इतके दिवस स्वतःला सांगत होतो. पण तुझ्या तोंडावर जे समाधान होतं, ते सुमन गेल्यापासून माझ्या तोंडावर एकदाही आलं नव्हतं. मला ते सहन झालं नाही. मी म्हणालो, "मग आज रसाचे दोन पेले. आतलं सगळं धुऊन निघालं पाहिजे." तू निमूट हो म्हणालास.

मी तो दुधी सोलायला घेतला. तू सवयीनं हात पुढे केलास, देठाकडची चकती मागायला. मी म्हणालो, "राहू दे. माझ्या दारचा आहे." तुझा हात तसाच थोडा वेळ पुढे राहिला आणि मग तू तो मांडीवर ठेवलास. तो हात मला रोज दिसतो.

आवळा, पुदिना, आलं घालून मी मिक्सर फिरवला. पहिल्या घोटालाच तुझं तोंड वाकडं झालं.

"कडू हाय रं."

"आवळा असेल."

"आवळ्याचं न्हवं ह्ये. दुध्याचं हाय." तू पुन्हा एक घोट घेतलास, तोंडात फिरवलास. मग आवाज खाली आणून मला विचारलंस, "का माझीच जीभ गेली?"

तोवर माझ्याही पोटात दोन घोट गेले होते. कडू होतं. घशाची शीर आत ओढली जावी असं कडू होतं. तू माझ्या तोंडाकडे बघत होतास, आणि मी तोंड सरळ ठेवलं.

"तुझी जीभच गेलीय, शब्बीर," मी म्हणालो. "कालच्या दालच्यानं. मला तर काही लागत नाही. आणि लागलं तरी कडू तेच औषध. पाडव्याला लिंब खातोच की आम्ही. पी."

तू माझं ऐकलंस. डोळे मिटून पहिला पेला संपवलास, मग दुसरा. तुझे डोळे मिटलेले असताना मी माझा पेला लिंबोणीच्या बुडाशी ओतला.

असं का केलं, ते मी तेव्हापासून स्वतःला विचारतो आहे. तुला मारायचं माझ्या मनात नव्हतं. कडू म्हणजे विष हे त्या क्षणी डोक्यात आलंही नाही. माझ्या दारचा दुधी कडू निघाला, हे कबूल करायला मी तयार नव्हतो, एवढंच. कालच तुझी वाटीभर दालच्यानं माझ्यावर सरशी झाली होती, आज पुन्हा हरायचं नव्हतं. एवढ्यासाठी तासाभरात तू तुझ्या न्हाणीच्या उंबऱ्यावर पडलास. उलट्या, जुलाब, आणि मग उलटीत रक्त.

तुझ्या पुतण्याच्या गाडीतून आपण नगरला निघालो. तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि अंग घामानं गार पडलं होतं. वाटेत तू डोळे उघडून मला विचारलंस, "तुला काय हुतंय का?"

माझ्या पोटात पीळ पडत होता. मी म्हणालो, "नाही."

"मंजे रस चांगला हुता," तू म्हणालास. "दालच्याचंच हाय मग. हमीदाला सांगू नको, लई रडंल."

शब्बीर, हे शब्द घेऊन मी रोज उठतो. तू जाता जाता स्वतःच्या जिभेवरचा विश्वास सोडलास आणि स्वतःच्या बायकोच्या हातावरचाही, तो माझ्या एका "नाही"मुळे.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं होतं?" भाभी लगेच म्हणाली, "दालचा खाल्ला हुता, मीच वाढला, साहेब." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "सकाळी नेहमीचा रस." नेहमीचा. मग मी संडासात जाऊन नळ मोठा सोडला आणि ओकलो. बाहेर आल्यावर तोंड पुसलं आणि बाकावर बसलो. तुझा रक्तदाब खाली खाली जात राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलास.

काही दिवसांनी मी एकटाच त्या डॉक्टरांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. तरुण आहेत, पण त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, कडू दुध्याच्या विषावर उतारा असा नसतो. सलाईन, रक्तदाबाची औषधं, जे लागतं ते त्यांनी दिलंच होतं. "पण सांगायला हवं होतं, काका. आम्ही आधी हृदयाकडे बघत बसलो." त्यानं फरक पडला असता का, असं मी विचारलं. त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. ते उत्तर घेऊन मी घरी आलो आणि आता मरेपर्यंत माझ्याकडे तेवढंच असणार.

जाता जाता त्यांनी माझी जीभ बघितली, तळव्यांना टाचणी लावली. मला टाचणी कळली नाही. रक्त तपासल्यावर कळलं, बी-बारा पार तळाला गेलेलं. दूध, दही, अंडी सगळंच सोडून नुसतं कच्चं खाणाऱ्याला ते मिळत नाही, म्हणाले, आणि म्हातारपणी तर अंगात जिरतही कमी. साखरेवरच्या काही गोळ्यांनी ते आणखी उतरतं. तुझ्या जिभेची जळजळ, तुझा दम, बहुतेक त्याचाच होता, पण आता सांगता येणार नाही. मी विचारलं, मग कच्चं खाऊच नये का? ते म्हणाले, "खा की. काकडी, गाजर, फळं भरपूर खा. फक्त तेवढ्यावर जगू नका. आणि कडू लागलं की थुंका." इतकं साधं. मी आता इंजेक्शनं घेतो. पायांची जाणीव परत येईल की नाही, ते नक्की नाही.

यापुढची गोष्ट तुला माहीत नाही. त्या वेलाच्या बियांची रोपं मी वळवाच्या पावसाआधी साऱ्या मंडळाला वाटली होती. तू गेल्यावर माझा वेल मी उपटून जाळला, पण गावात सहा-सात कुंपणांवर त्याची पिल्लं चढली आहेत. मंडळाला मी सांगितलं, शब्बीरच्या चाळिसाव्यापर्यंत रस बंद, दुखवटा म्हणून. त्यांना ते फार आवडलं. पण घरी कोण काय पितं, ते मला कसं कळणार? रोज सकाळी फिरायच्या निमित्तानं मी ती कुंपणं बघत हिंडतो. गल्लीत कुणाचा मिक्सर फिरला की मी थांबतो. चटणी वाटत असतील, असं मनाला सांगतो आणि आवाज थांबेपर्यंत तिथंच उभा राहतो.

परवा नानाच्या कुंपणावरचा एक दुधी नाहीसा झालेला दिसला. तसाच आत गेलो. नानाची बायको भांडी घासत होती.

"नाना कुठंय?"

"झोपल्यात."

"झोपलेत? या वेळेला? उठवा त्यांना."

"आता गं बया. काय झालं, साहेब?"

"कुंपणावरचा दुधी कुठं गेला?"

ती हसली. "त्यो व्हय? चिरायच्या आदी चाखला, निसता कडू. टाकला म्हशीफुडं. ती बी तोंड लावंना. तुमी चोर धरायला आलाय का काय?"

मी तिथंच पायरीवर बसलो. तिनं पाणी दिलं. आतून नाना डोळे चोळत आला. त्याच्याकडे बघून मला पहिल्यांदा कळलं, की मी गप्प राहिलो तर पुढचा तो असेल. आणि मी अर्धंच बोललो. म्हणालो, "नाना, त्या वेलाचा एकही दुधी पोटात घालू नका. बी खराब निघालं." तो म्हणाला, "बरं साहेब. चाळिसावा झाला की बाजारातला आनू, पुन्यांदा चालू करू. शब्बीरभाईनं नियम मोडला तसं आता कुनी मोडायचा न्हाई." तेव्हाही मी काही बोललो नाही.

पण तिथून उठलो तो तुझ्या घरी गेलो.

भाभी इद्दतीत आहे, नवऱ्यामागे काही महिने परक्या पुरुषापुढे यायचं नसतं, म्हणून मी उंबऱ्याबाहेर खुर्चीवर आणि ती आत पडद्यामागे. ती ताटात डाळ निवडत होती, त्याचा आवाज येत होता. मी सगळं सांगितलं. तुझा पुढे केलेला हात, माझा पेला, गाडीतलं बोलणं, नळ. मध्येच ताटाचा आवाज थांबला. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, आणि दिसत नव्हता हे किती भयंकर असतं ते मला तेव्हा कळलं.

आतून आवाज आला. "कडू लागतंय, म्हनले हुते त्ये?"

"हो."

"आन तुमाला?"

"मलाही."

मग ती म्हणाली, "मी त्यो टोप घासून घासून कल्हई काडली, दत्ताभाऊ. म्हनलं मटान उतरल्यालं हुतं का, डाळीत काय पडलं का. हाताला वास घेत बसायची. पोरींनी मला येडी ठरवली."

माफी मागायला आलो होतो, तो शब्दही तोंडातून निघाला नाही. निघाला असता तरी तिला त्याचा काय उपयोग होता?

"हितं मला सांगून काय करू मी?" ती म्हणाली. आवाज रडका नव्हता, कोरडा होता. "मला कोन इचारतंय? नानाची बायकू आली हुती, घरात चहाला हात लावला न्हाई तिनं. तुमाला सांगायचंच हाय ना? मग चाळिसाव्याला या. दालच्याचे दुधी येतील. त्ये चाखायचे, त्येंच्या पाटावर आता कुनी न्हाई. पुतन्याला असली जीभ न्हाई. तुमी बसा. अंगनात, समद्यांच्या मदी. येकेक चाखा, आन मला सांगितलं त्ये तितं सांगा. मोट्यानं. मी पडद्यामागं हाय, मला ऐकू आलं पायजे."

मी म्हणालो, "भाभी, माझ्या जिभेचं काय खरं आहे आता."

"तुमची जीभ चांगली हाय," ती म्हणाली. "तिला कडू कळलं हुतं."

त्यानंतर ताटात डाळीचा आवाज पुन्हा सुरू झाला. मी उठून आलो.

ते काम म्हणजे हेच, शब्बीर. उद्या सकाळी तुझ्या पाटावर बसायचं आहे. समोर दुध्यांचा ढीग असेल, भोवती नाना आणि सारं मंडळ, तुझे भाऊबंद, झारा हातात घेतलेला तुझा पुतण्या. मी ऐकवल्यावर त्या झाऱ्याचं काय होईल, ते मला माहीत नाही. पोलीस येतील, किंवा कुणीच काही बोलणार नाही आणि सगळे एकेक करून उठून जातील. त्या दुसऱ्या गोष्टीची मला जास्त भीती वाटते. चकती जिभेला लावायचीही भीती वाटते. परवा भाजीतला दुध्याचा तुकडा तोंडात आला, गोड होता, तरी मी तो थुंकून टाकला.

पण चाखेन. परतेक, तू म्हणायचास तसं. गोड असेल तर गोड म्हणेन आणि चिरायला पुढे सारेन. आणि सगळे दुधी संपायच्या आधी, मोठ्यानं सांगेन, पडद्यापर्यंत जाईल इतक्या मोठ्यानं.

त्यांना सांगण्याआधी तुला सांगतो, कारण विचारलं होतंस तू. का माझीच जीभ गेली, असं तू विचारलं होतंस.

नव्हती गेली. दालचाही चांगला होता. रस कडू होता, शब्बीर. मलाही कडूच लागला होता.

तुझा,
दत्ता